सहा किलोंचा अंदाज

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. फोन हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीला लागून आहे, आणि ते आपलं बोलणं ऐकून मधेच तिसरंच काही सांगत बसतात. म्हणून पत्र लिहितेय.

अखेर न्हाणीघराचं काम काढलं. खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या छतावरच्या ओल्या डागाची तक्रार घेऊन तिसऱ्यांदा वर आल्या, तेव्हा बाबाच म्हणाले, "फोडा आता." तुमचा भाऊ बोटीवर, तो पाच महिन्यांनी येणार, म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. मिस्त्री बाबांनीच सुचवला. पूर्वी फरशीचं काम त्यांच्या हाताखाली शिकलेला आहे, आता पन्नाशीचा आहे. त्यांना अजून उस्ताद म्हणतो. जुनी फरशी निघाली, नवी जमिनीवर आणि भिंतींवर बसत आलीय.

आता प्रश्न सांध्यात भरायच्या ग्राउटचा. आपण धुरकट राखाडी रंग घेतलाय. दुकानदार म्हणतो, दहा किलो एकदमच न्या, पुढचा माल याच रंगाचा येईल याची खात्री नाही. मिस्त्री म्हणतो, "उस्तादांना विचारा." बाबा म्हणतात, "मुलीला विचार, ती त्याचाच पगार घेते." तर तुम्हीच सांगा. खोली सहा फूट बाय आठ फूट, फरशी भिंतीवर सात फुटांपर्यंत. फरशी फूटभर लांब, फूटभर रुंद. जाडी मिस्त्रीने आठ मिलिमीटर सांगितली, सांधा तीनचा.

बाबा ठणठणीत आहेत.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

(वयाने तू माझ्याहून धाकटी, पण भावाची बायको ती वहिनीच.)

दुकानदाराचं अजिबात ऐकू नकोस. त्याला पाकिटं खपवायचीत. बांधकाम कंपनीत बावीस वर्षं मी हेच करतेय, कुठे काय किती लागेल ते आधी सांगायचं. आणि शिकले बाबांकडूनच. लहानपणी ते मला साइटवर नेऊन सांधे मोजायला बसवायचे, म्हणजे मी कुठे हरवणार नाही.

जमीन अठ्ठेचाळीस चौरस फूट. चार भिंतींची लांबी अठ्ठावीस, उंची सात, झाले एकशे शहाण्णव. त्यातून दार-खिडकीचे एकवीस-बावीस काढ. सगळं मिळून सव्वादोनशेच्या जरा आत, म्हणजे वीस-एकवीस चौरस मीटर. फूटभराच्या फरशीला एका चौरस मीटरमध्ये पावणेसात मीटर लांबीचे सांधे येतात. ते तीन मिलिमीटर रुंद आणि फरशीच्या जाडीएवढे, म्हणजे आठ मिलिमीटर खोल. एवढी फट भरायला पाव किलोहून किंचित जास्त माल लागतो. वीस-एकवीस चौरस मीटरला सव्वापाच किलो. थोडं बादलीला चिकटणार, थोडं पुसायच्या फडक्यात जाणार, त्याचे दहा टक्के धर. सहा किलो घे, किलोची सहा पाकिटं. सातवं पाकीट घेतलंस तर ते माळ्यावर दगड होऊन पडेल.

बाबांना स्टुलावर, शिडीवर चढू देऊ नकोस. मागच्या वर्षी जिन्यावरून पडले तेव्हा मी काय म्हटलं होतं ते तुझ्या लक्षात असेलच.

तुझी,
वन्सं


२० फेब्रुवारी

वन्सं,

रागावू नका. सहाची सहा पाकिटं संपली आणि अजून दोन भिंती कोऱ्या आहेत. दुकानात तो रंग संपला. दुकानदाराने "मी सांगत होतो" असा चेहरा केला, तो मला निमूट बघावा लागला. तुमच्याकडे मिळत असेल तर चार किलो पाठवाल का?

खरं सांगू? मला मिस्त्रीचा संशय येतोय. मी नऊला शाळेच्या ऑफिसात जाते ती चारला परत येते. मधल्या वेळात घरात बाबा आणि तो, दोघंच. सकाळी येताना त्याच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असते, हलकी, वाऱ्यावर हलणारी. परवा मी लवकर आले, तर तो जिन्यात भेटला. पिशवी चांगली जड होती, खांदा एका बाजूला कलला होता. मी म्हटलं, "डबा एवढा जड?" तर म्हणाला, "हत्यारं आहेत." पण हत्यारं तर न्हाणीघरातच कोपऱ्यात पडलेली असतात, मी रोज त्यांच्यावरून उडी मारते.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "माझा माणूस आहे, त्याच्यामागे लागू नकोस." पुढे बोलायची सोय नाही.

तुमची,
वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चार किलो आजच पार्सलने पाठवतेय. पण कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मी न्हाणीघराबद्दल बोलत नाही.

पत्र वाचून मी पुन्हा हिशेब केला. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून करून घेतला. सहाच येतात. सहा किलोंत अर्धं काम होत असेल तर एकतर सांधे दुप्पट रुंद आहेत किंवा माल घराबाहेर जातोय. पहिलं तू पट्टी लावून तपास. एक नको, पाच-सहा ठिकाणी मोज. दुसरं तपासायला पिशवी बघावी लागेल. माणूस बाबांचा असला म्हणून पिशवी बाबांची होत नाही. त्याला शिकून पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत माणूस काय काय शिकतो ते बाबांना माहीत नाही, मला साइटवर रोज दिसतं.

घाबरू नकोस. घर तुझं आहे. एक दिवस लवकर ये, दारात उभी राहा आणि सरळ सांग, "पिशवी उघडा." चोर असेल तर भांडेल, नसेल तर उघडेल. जे दिसेल ते मला कळव, हातचं काही राखू नकोस.

तुझी,
वन्सं


३ मार्च

वन्सं,

पार्सल मिळालं. पट्टी लावली, सांधे तीन मिलिमीटरचेच आहेत. पिशवी बघितली. त्यात आपलं काही नव्हतं. मिस्त्री प्रामाणिक माणूस आहे, त्याच्यावर संशय घेतला याची मला लाज वाटते.

अजून तीन किलो लागतील. कृपा करून पाठवा, आणि का लागतात ते विचारू नका. काम चांगलं चाललंय. बाबा बरे आहेत.

वहिनी


८ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं सात ओळींचं पत्र मी सात वेळा वाचलं. जी बाई मला दुकानदाराच्या चेहऱ्याचंही वर्णन लिहून पाठवते, ती एकाएकी ताकास तूर लागू देत नाही. दहा किलो गेले, वर तीन हवेत, मिस्त्री साधुपुरुष, आणि मी विचारायचंही नाही!

म्हणून मी रविवारी फोन केला. मुद्दाम तू बाजारात असशील अशा वेळी केला. घंटा खूप वेळ वाजली, मग बाबांनी उचलला. काम कसं चाललंय विचारलं, तर म्हणाले, "छान. मी नुसता बसून बघतो." आणि ते बोलत असताना मागून सारखी टकटक येत होती. बारीक, घाईची, कुणीतरी बोटाने टेबलावर खुणावावं तशी. मी विचारलं, "बाबा, शेजारी कोण आहे?" त्यांनी फोनच ठेवून दिला. म्हणजे तू बाजारात नव्हतीस. शेजारी उभी राहून काय बोलायचं नि काय नाही ते सांगत होतीस.

आता आडपडदा नको. आपल्या आत्या गेल्या महिन्यात तुझ्या माहेरच्या गावी गेल्या होत्या. तुझ्या भावाने स्वयंपाकघराला नवी फरशी लावलीय म्हणे. मी काही म्हणत नाही. पण तुझ्या जागी मी असते, आणि माझ्या भावाला चार पाकिटं हवी असती, तर मी तोंडाने मागून घेतली असती. नणंदेच्या हिशेबाला खोटं पाडून नसती नेली.

तीन किलो पाठवणार नाही. आधी उत्तर दे.

वन्सं


१३ मार्च

वन्सं,

माझ्या भावाच्या ओट्यामागे पांढरा ग्राउट आहे. तोही दोन वर्षांपूर्वी भरलाय. आत्यांना लांबून ताजा दिसला असेल. हे आधी लिहिते, कारण तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाहीये.

आता बाकीचं. बाबांना दिलेला शब्द मोडून लिहितेय.

त्या दिवशी मी दुपारी दोनलाच घरी आले. बाबा आत झोपले होते. मिस्त्री निघायच्या बेतात, पिशवी खांद्यावर. मी दार लावून घेतलं आणि तुम्ही सांगितलंत तसं म्हटलं, "पिशवी उघडा." तो भांडला नाही. उघडलीही नाही. त्याने पट्टा घट्ट धरला. मग मीच त्याच्या खांद्यावरून ओढली आणि जमिनीवर उलटी केली.

वर्तमानपत्राच्या पुड्या पडल्या. आठ-दहा. त्यांत राखाडी भुगा आणि तुकडे, सांध्यांतून खरवडून काढलेले. आणि एक मोठा गोळा, बादलीच्या तळाच्या आकाराचा, घट्ट झालेला. त्यावर बोटं उमटली होती.

मला काही कळेना. तो खाली बसून एकेक तुकडा गोळा करायला लागला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हे इथल्या कचऱ्यात टाकलं तर उस्तादांना दिसेल. म्हणून घरी नेतो."

वन्सं, सांधे बाबा भरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला सांगितलं, "फरशी तू बसव. सांधे माझे." मी ऑफिसात गेले की रबरी पट्टी घेऊन बसतात. पण त्यांचे हात कापतात. साखर ढवळताना कापतात तेवढं नाही, खूप. पाणी ओतायला गेले की धारच सांडते, मग माल पातळ होतो. एक सांधा भरून वर येतो, पुढचा पोकळ राहतो. कधी कालवलेलं बादलीतच घट्ट होतं. मिस्त्री तोंडातून शब्द काढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले की आदल्या दिवसाचं सगळं पात्याने खरवडतो आणि स्वतः पुन्हा भरतो. नाहीतर पाणी पुन्हा खालच्या बाईंच्या छतातून टपकेल. तुमचा हिशेब चुकला नव्हता. न्हाणीघर दोनदा भरलं जातंय.

फोनवर ऐकू आली ती टकटक माझी नव्हे. मी खरंच बाजारात होते. रिसीव्हर त्यांच्या चष्म्याच्या काडीवर आपटत होता.

तुम्हाला का कळवलं नाही? मागच्या वर्षी बाबा जिन्यावरून पडले तेव्हा तुम्ही हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर म्हणालात, "पुन्हा असं काही झालं तर मी बाबांना घेऊन जाईन, कुणाला विचारणार नाही." बाबांनी ते मनात धरून ठेवलं. हात कापायला लागले तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हे तिला कळता कामा नये." मी कबूल केलं. तो खरवडतो हे बाबांना सांगणार नाही, असं मिस्त्रीनेही माझ्याकडून कबूल करून घेतलं. मधल्या मधे मी एकटी खोटी पडत गेले. आणि तुम्ही पट्टी लाव, पिशवी बघ, हे कळव, ते कळव असं लिहायला लागलात, तेव्हा मला वाटलं, यांना ग्राउटशी देणंघेणं नाही. यांना बाबांना न्यायला निमित्त हवंय.

मी तुमच्यावर संशय घेतला, तुम्ही माझ्यावर. फिट्टंफाट झाली.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

तीन किलो पाठवले. पत्राच्या आधी पोचतील.

मी चारदा पत्र सुरू केलं आणि चारदा फाडलं. माफी मागायला बसले की आधी स्वतःचंच समर्थन लिहून होतं. म्हणून थोडक्यात लिहिते. माहेराबद्दल जे लिहिलं ते नीच होतं. ते पत्र जाळून टाक, किंवा ठेव आणि मी भांडले की काढून दाखव, तुला योग्य वाटेल ते.

फिट्टंफाट झाली नाही. तुझा संशय अर्धा खरा होता. मला निमित्त हवं होतं असं नाही, पण मी प्रत्येक पत्रात ते शोधत होते. "बाबा ठणठणीत आहेत" वाचलं की वाटायचं, मग लिहितेस कशाला? तू "बरे आहेत" लिहिलंस तेव्हा तर मी रजेचा अर्जच काढून ठेवला. लांब राहणाऱ्या मुलीला दुसरं काही करता येत नाही गं. ती मोजते. किती वेळा फोन आला, आवाज कसा होता, पत्र किती ओळींचं होतं. बाबांच्या शेजारी बसून त्यांचा हात बघणं हे तुझ्या वाट्याला आलंय. मी त्यावरून तुझ्यावर जळत होते, आणि त्याला बाबांची काळजी असं नाव देत होते.

"घेऊन जाईन" हे मी त्यांना विचारल्याशिवाय बोलले होते. आज विचारते, तुझ्यामार्फत. हे पत्र त्यांना वाचून दाखव. लपवू नकोस, आता पुरे झालं. त्यांना विचार, मी येऊ का? कशासाठी यायचं तेही त्यांनीच सांगावं.

डॉक्टरांना दाखवलंय का?

वन्सं


२५ मार्च

पोरी,

हे पत्र तुझी वहिनी लिहितेय, मी सांगतोय. मी सांगेन तेच लिही, तुझं काही घालू नकोस असं तिला बजावलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा ती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, कांदा. ओट्यावर कांदा नव्हता. मग तिने सगळी पत्रं आणून पुढ्यात ठेवली आणि वाचून दाखवली. तुम्ही दोघी आणि तो मिस्त्री, तिघं मिळून मला फसवत होतात, आणि मी तुम्हाला.

तो खरवडतो ते मला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. सांधा भरून झाला की शेवटचं बोट मी डावीकडे ओढतो, तिथे जरासा चढ राहतो. चाळीस वर्षं राहतोय. सकाळी फिरून आल्यावर मी आधी न्हाणीघरात जायचो. सगळे सांधे सपाट. मी आपला हात आणि दुसऱ्याचा हात ओळखणार नाही होय?

मग रोज पुन्हा भरायला का बसायचो, असं काल तुझ्या वहिनीने विचारलं. मला वाटायचं, आज एखादा तरी बरा जमला असेल. बावीस दिवस मी रोज सकाळी तो एक सांधा शोधायला गेलो, त्याने खरवडायचा सोडलेला. खिडकीच्या वर, जिथे पाणी पोचत नाही तिथे तरी एक. त्याने एकही सोडला नाही. दया येऊनही सोडला नाही. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. माझ्याकडे शिकलेल्या माणसाने वाईट सांधा तसाच ठेवला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

सोमवारी मी त्याला बोलावलं. म्हटलं, "रबरी पट्टी घे. शेवटची भिंत तू भर, मी बघतो." तो म्हणाला, "उस्ताद, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव आणि कोपऱ्यात माल नीट दाब, कोपऱ्यात तू पहिल्यापासून आळशी आहेस." तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. मग भरली त्याने भिंत, मी स्टुलावर बसून दोनदा चूक काढली, दोन्ही खऱ्या होत्या. काम संपलं. खालच्या बाई येऊन बघून गेल्या.

डॉक्टरकडे पुढच्या गुरुवारी जातोय. कंपवात असेल असं मिस्त्री म्हणतो, त्याच्या वडिलांना होता. हातांचं मी पुष्कळ सहन केलं. पण मला भीती वाटते, पोरी. संध्याकाळी नाही. सकाळी, चहाचा कप धरायला हात पुढे करतो तेव्हा. आज धरता येईल का, असं वाटतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. लिहिणारीलाही आत्ताच कळतंय.

(इथे बाबांनी पाणी मागितलं. मी पाणी आणून दिलं. वहिनी.)

तिचं काही घालू नकोस म्हटलं होतं, तरी घातलंन.

ये. न्यायला नको, भेटायला ये. माझं घर हे आहे, आणि मला इथे कोण सांभाळतं ते तू पत्रांत वाचलंसच. न्यायची वेळ आली तर मी स्वतः सांगेन, तुला माझ्या तोंडून ऐकू येईल, आडून नाही. येशील तेव्हा चांगली आठ दिवस राहा. आल्या आल्या पट्टी काढून न्हाणीघर मोजायला जाऊ नकोस. गुरुवारच्या आधी पोचलीस तर डॉक्टरकडे बरोबर चल. मी तिथे बसून काय विचारायचं ते विसरेन, तू विसरणार नाहीस.

तुझा,
बाबा

वन्सं, वरची सही बाबांनीच केलीय. मी हात धरू का विचारलं, तर नको म्हणाले. तीन कागद गेले. मी शेजारी बसून होते, घाई केली नाही. चौथ्यावर जी उमटली ती पुसट आहे, पण त्यांची आहे. बुधवारच्या दुपारच्या गाडीने या, मी स्टेशनवर येते.